वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडची शाळा



‘शाळांनी काळाबरोबर बदलले पाहिजे’ हे वाक्य आज आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याला कोणी विरोध करील असे वाटत नाही. संगणक आला, मोबाईल आला, आता तर यंत्रे माणसासारखी लिहू-बोलू लागली. तेव्हा शाळेने त्या त्या यंत्राचा एक वर्ग काढावा, म्हणजे तिचे कर्तव्य संपले, अशी आपली समजूत झालेली दिसते. परंतु आपण वऱ्हाडचे लोक आहोत. यंत्राने आणि दूरच्या बाजाराने एखादा मुलूख उलटापालटा करावा म्हणजे काय होते, हे ज्या थोड्या प्रांतांनी फार लवकर पाहिले त्यांत आपला प्रांत आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा प्रसंग आपल्यावर एकदा नव्हे, अनेकदा आला. प्रत्येक वेळी येथल्या शाळेने त्याला काहीतरी उत्तर दिले. ती उत्तरे कोणती, त्यांतली कोणती टिकली आणि कोणती वाया गेली, याचा हिशेब आपण मांडावा एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. शाळेचा इतिहास सांगताना मी वारंवार कापसाकडे वळेन. त्याला इलाज नाही. वऱ्हाडात पाटी आणि पऱ्हाटी यांची ताटातूट करता येत नाही.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अंमलापूर्वी येथे शाळा नव्हत्या असे नव्हे. देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्या वाड्याच्या ढेलजेत पंतोजी बसत. ते धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, मोडी वाचावयास व लिहावयास शिकवीत, आणि पाढे घोकून घेत. हे पाढे केवळ ‘बे एके बे’चे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी त्यांची मालिका असे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे पोराला तोंडपाठ असावे लागत. हे कशासाठी? तर त्या वेळचा सगळा व्यवहार शेर-पावशेरात आणि रुपये-आण्यांत चालत असे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण. असा हिशेब ज्याला उभ्या उभ्या तोंडी करावयाचा, त्याला अपूर्णांकांचे पाढे हेच हत्यार होते.

त्या शाळेला आज आपण हसतो. पण बाजार आणि शाळा यांची सांगड तिच्याइतकी घट्ट पुढे क्वचितच बसली. तिचा दोष दुसरीकडे होता. कुळकर्ण्याचा मुलगा तेथे येई, वाण्याचा मुलगा येई. कुणब्याचा मुलगा क्वचित, मुली जवळजवळ नाहीतच, आणि महार-मांगांच्या मुलांना त्या ओसरीची पायरीही चढता येत नसे. म्हणजे माल एकाच्या शेतात पिके आणि त्या मालाचे गणित दुसऱ्याच्या घरात शिकविले जाई. हा दोष ध्यानात ठेवा. पुढच्या सगळ्या कथेत तो वेष पालटून पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आगगाडी आणि रेचे

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले. त्या वेळेपर्यंत आपला कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत तो भिजे, धुळीने माखे, आणि पोहोचेपर्यंत त्याची रया जाई. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि साऱ्या इंग्लंडची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, आणि त्या उद्घाटनासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावास आले. एका तालुक्याच्या गावी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने यावे, यावरून कापसाचा त्या काळचा मान ध्यानात येईल.

आगगाडीमागून वाफेवर चालणारे रेचे आले, गाठी दाबणारे प्रेस आले, तारायंत्र आले. जे सरकी काढण्याचे काम घरोघरी बायाबापड्या हातचरख्यावर करीत, ते जिनात गेले. लिव्हरपूलचा भाव तारेने खामगावास कळू लागला. परंतु कोणाला कळू लागला? रॅली आणि व्होल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांना आणि त्यांच्या अडत्यांना. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले, तेव्हा बंडी भरून बाजारात आलेल्या शेतकऱ्याला एवढेच समजले की काल होता तो भाव आज नाही. तो का नाही, हे सांगणारा त्याच्या गावात कोणी नव्हता.

या उलथापालथीला शाळेने काय उत्तर दिले? १८६६ च्या सुमारास वऱ्हाडात सरकारी शिक्षणखात्याची घडी बसू लागली, आणि अमरावती व अकोला येथे सरकारी हायस्कुले उभी राहिली. त्या शाळांनी फार चांगली माणसे दिली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण त्यांचा रोख कचेरीकडे होता. तहसिलीला कारकून हवा, कोर्टाला वकील हवा, शाळेला मास्तर हवा. ही मागणी पुरी करणे हेच त्यांचे मुख्य काम झाले. जिनाचे इंजिन चालविणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा फिटर बहुधा बाहेरून येई. अडतीचा धंदा मारवाडी आणि कच्छी पेढ्यांच्या हाती राहिला. आपल्या खेड्यातला माणूस या नव्या यंत्रापाशी पोहोचला तो बोजे उचलणारा हमाल म्हणून. वऱ्हाडच्या मातीत पिकलेल्या मालावर एवढा मोठा कारखानदारीचा पसारा उभा राहिला, पण त्या पसाऱ्याचे ज्ञान वऱ्हाडच्या शाळेत शिरले नाही.

ही उणीव त्या काळी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती असे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच दिली होती. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची आणि व्याकरणाची तोंडओळख, नीती व आरोग्याचे थोडे धडे, आणि या सर्वांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान. हे ज्ञान प्रत्यक्ष देण्यासाठी शाळेला लहानसे नमुन्याचे शेत असावे, अशीही त्यांची सूचना होती. या यादीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. शेतीसाठी त्यांनी इतिहास-भूगोल वगळला नाही, आणि व्याकरणासाठी शेतीही वगळली नाही. दोन्ही एकाच शाळेत, एकाच मुलासाठी मागितली. ही मागणी त्या वेळी मानली गेली नाही. ती मानली असती तर पुढची शंभर वर्षे निराळी गेली असती की नाही, हे कोण सांगणार? पण प्रश्न नेमका कोठे आहे हे फुल्यांनी बरोबर ओळखले होते.

तराजू आणि अक्षर

बाजार सुधारण्यात मात्र वऱ्हाड साऱ्या देशाच्या पुढे होते. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आज देशभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांचा मूळपुरुष हा आपला वऱ्हाडी कायदा होय. उघड्या जागी सौदा व्हावा, माप ठरलेले असावे, दलाली आणि हमाली मनास येईल तशी कापू नये, अशी त्यामागची कल्पना होती. कायदा चांगला होता. पण बाजाराचा कारभार पाहणाऱ्या समितीत व्यापारी होते, शेतकऱ्याला जागा नव्हती. पुढे १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने या उणिवेवर बोट ठेवले.

शेतकऱ्याला जागा का नव्हती, याची कारणे अनेक सांगता येतील. सत्ता कोणाकडे होती हे त्यांतले पहिले. पण दुसरे कारणही डोळ्यांआड करता येणार नाही. समितीत बसावयाचे तर नोंदवही वाचता आली पाहिजे, हिशेब तपासता आला पाहिजे, कायद्याचे कलम दाखविता आले पाहिजे. हे येणारी माणसे खेड्यातून तयारच होऊ दिली नव्हती. कायद्याने तराजू सरळ केला, तरी त्यावरचे वजन वाचणारा डोळा शाळेने द्यावा लागतो. तो मिळाला नाही, म्हणून सरळ तराजूसमोरही माणूस फसत राहिला.

त्याच सुमारास, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांत, दोन भीषण दुष्काळ पडले. आगगाडी धान्य आणू शकत होती, पण ज्याने ज्वारीऐवजी कापूस पेरला होता आणि ज्याचे पीक बुडाले होते, त्याच्या गाठी ते धान्य घेण्यापुरता पैसा नव्हता. बाजाराशी बांधले गेलेले जिणे किती सुखाचे आणि किती धोक्याचे असते, याचा तो कडू धडा होता.

मुधोळकरांपासून पंजाबरावांपर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी अमरावतीच्या सुशिक्षितांना हा प्रश्न जाणवू लागला होता. येथले विख्यात वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ च्या बाँकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून सर्वांना माहीत आहेत. पण १९०५ साली काशीस सुरू झालेल्या भारतीय औद्योगिक परिषदेचा कारभार त्यांनी अनेक वर्षे वाहिला, आणि तोही अमरावतीत बसून, हे फारसे सांगितले जात नाही. देशी उद्योग वाढवावयाचे तर यंत्रविद्या शिकलेली देशी माणसे हवीत, हा त्या परिषदेचा सततचा आग्रह होता. ही मागणी वकिलांच्या आणि पांढरपेशांच्या सभेतून उठली. खेड्यातल्या मुलापर्यंत ती पोहोचावयाची होती.

ते काम दुसऱ्या एका माणसाकडे आले. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, गाव पापळ. त्यांच्या शिक्षणाचा प्रवास पाहा. पापळला शाळा संपली म्हणून चांदूर रेल्वे, तेथून कारंजा, तेथून अमरावती, पुढे पुणे आणि मग विलायत. एक आगगाडीचे ठाणे, एक कापसाची पेठ, एक जिल्ह्याचे ठिकाण. कापूस ज्या वाटेने गावाबाहेर जाई, त्याच वाटेने मुलाला शिक्षण शोधीत जावे लागे. ज्याच्या घरी ही वाट चालण्याचे बळ नाही, त्याचे शिक्षण गावच्या शेवटच्या इयत्तेवरच थांबे.

पंजाबराव बॅरिस्टर होऊन परत आले, ते वेदवाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून त्यांनी केवळ शेतकी शिकावी असे त्यांना स्वतःला वाटले नाही. आणि तरीही तेच गृहस्थ पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री झाले. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. या सर्व कामांतला क्रम लक्षात घ्या. आधी मुलाला शहरात राहावयास जागा, मग शाळा. शाळेचा दरवाजा उघडा ठेवून भागत नाही, तेथवर पोहोचण्याची वाटही बांधावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. गाडगेबाबा स्वतः अक्षरशून्य. ते गावोगाव हाती खराटा घेऊन लोकांना हेच बजावीत फिरत होते की भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते, हे योग्यच झाले.

टकळी, लोकविद्यापीठ आणि दुसऱ्या प्रतीचे शिक्षण

आता मी एका नाजूक भागाकडे येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या शेजारी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तीतून नई तालीम जन्मास आली. हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावे, मुलाच्या हाताला आणि बुद्धीला एकदमच वळण लागावे, ही कल्पना थोर होती. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा बेत होता.

या योजना येथे रुजल्या नाहीत. १९३९ साली मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला, पैसा नव्हता, तयार शिक्षक नव्हते, ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्याही तळाशी एक कारण होते, आणि ते गावच्या बापाने ओळखले होते. त्याला दिसत होते की शहरातल्या साहेबाचा मुलगा इंग्रजी आणि बीजगणित शिकतो, आणि आपल्या मुलाच्या हाती टकळी दिली जाते. सूत कातण्यात कमीपणा आहे असे त्याला वाटत नव्हते. घरी तो रुईतच वावरत होता. पण एकाच देशात दोन प्रतींचे शिक्षण असेल, तर दुसरी प्रत कोणाच्या वाट्याला येते हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते.

हीच गोष्ट पुढे पुन्हा घडली. १९५६ साली केंद्र सरकारने देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू केल्या. महाराष्ट्रातल्या दोन ठिकाणांपैकी एक गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि दुसरे आपले अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ. ग्रामसेवा, सहकार, ग्रामीण यंत्रविद्या असे विषय तेथे शिकवावयाचे होते. कल्पना उत्तम, माणसे प्रामाणिक. पण तेथली पदविका आणि विद्यापीठाची पदवी यांची तुलना नोकरीच्या दारात होऊ लागली, आणि विद्यार्थ्यांचा ओढा पदवीकडे राहिला. देशभर अशा बहुतेक संस्था यथाकाळ नेहमीच्या महाविद्यालयांसारख्या झाल्या. मुदलियार आयोगाने १९५३ साली सुचविलेल्या बहुउद्देशीय शाळांचेही फारसे निराळे झाले नाही. धंदेशिक्षणाची तुकडी म्हणजे ‘ढ’ मुलांची तुकडी, अशी जी ओळख एकदा पडली, ती पुसली गेली नाही.

एक यशस्वी प्रयोग

तेव्हा बदलाला तोंड देणे शाळेला कधीच जमले नाही काय? जमले आहे, आणि ते उदाहरण इतके घरगुती आहे की आपण ते विसरून गेलो.

१ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा चालू झाला. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम-क्विंटल, आणि गज-फूट जाऊन मीटर टप्प्याटप्प्याने आले. याच काळात वऱ्हाड मध्य प्रदेशातून १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. चार वर्षांत तीन सरकारे! तरीही हा बदल पार पडला. देशातल्या प्रत्येक दुकानाचा, प्रत्येक तराजूचा, प्रत्येक खतावणीचा पाया बदलला आणि गोंधळ फार झाला नाही. का? कारण तो बदल प्रत्येक शाळेत, प्रत्येक मुलाला, एकाच वेळी शिकविला गेला. शहरासाठी निराळी दशमान पद्धत आणि खेड्यासाठी निराळी असे झाले नाही. शाळेतला मुलगा घरी आला आणि आजोबांना आण्यांचे पैसे करून दाखवू लागला. औटकी विस्मरणात गेली, पण हिशेब गेला नाही. पंतोजींच्या शाळेचा जो गुण होता, बाजार आणि पाटी यांची सांगड, तो तर आलाच; शिवाय तिचा दोष, मूठभरांची शाळा, तो गेला.

माझे आजचे सगळे म्हणणे या एका उदाहरणात आले आहे. शाळा काळाबरोबर बदलते ती यंत्राचा वर्ग काढून नव्हे, आणि शेतकऱ्याच्या मुलासाठी निराळी शाळा काढूनही नव्हे. बदललेल्या व्यवहाराचे माप आणि त्यामागची कारणे सर्व मुलांच्या रोजच्या शिक्षणात आली, म्हणजे शाळा बदलली.

गिरण्या, बियाणे आणि फवारा

कोणी म्हणेल, हे माप आणि कारण ठीक आहे, पण पोराला काम मिळण्याचे काय? थेट धंदाच शिकवा ना! या आक्षेपाचा अनादर करता येणार नाही. पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा आज प्रत्येक गल्लीत आहे. धंदा शिकविणाऱ्या संस्था हव्यातच, आणि वऱ्हाडने त्या मिळविल्या. १९५५ साली अकोल्यास कृषी महाविद्यालय आणि अमरावतीस तंत्रनिकेतन, १९६४ साली अमरावतीस अभियांत्रिकी महाविद्यालय. १९६७ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी विदर्भात आंदोलन झाले आणि त्यात माणसांचे प्राण गेले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज ते पंजाबरावांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठासाठी जीव देणारा प्रांत शिक्षणाविषयी उदासीन आहे असे कोणी म्हणू नये.

पण धंद्याचे आयुष्य आणि माणसाचे आयुष्य यांचे गणित जुळत नाही. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या कापडगिरण्या १९७४ साली सरकारने ताब्यात घेतल्या. पुढे त्या बंद पडल्या. ज्या कामगाराने उमेदीत मागावरचे काम शिकून घेतले होते, त्याच्या हातची विद्या गिरणीच्या भोंग्याबरोबर मुकी झाली. तो मात्र अजून चाळिशीत होता. त्याच्याजवळ दुसरे काम शिकण्याचे बळ किती होते, हे त्याला शाळेने लहानपणी काय दिले होते यावर ठरले.

शेतातही तेच झाले. बनी आणि जरी ही जुनी वाणे आपल्या आजोबांच्या तोंडी होती. संकरित कापूस १९७० नंतर आला, २००२ साली बीटी वाणाला परवानगी मिळाली, आणि मध्यंतरी सोयाबीनने कितीतरी कापसाची राने घेतली. घरचे बी राखून ठेवणारा शेतकरी दरसाल दुकानातून पाकीट आणू लागला. पाकिटाबरोबर औषधे आली, औषधांबरोबर पाठीवरचा पंप आला.

२०१७ च्या खरिपात काय झाले ते आपण सर्व जाणतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. आपल्या जिल्ह्यांनाही त्याची झळ लागली. दोष कोणाकोणाचा याची चर्चा पुष्कळ झाली, आणि विकणाऱ्यांची व सरकारची जबाबदारी त्यात मोठी आहे. मला येथे एकच गोष्ट विचारावयाची आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. फवारणारा मजूर कदाचित सातवी-आठवी शिकलेला असेल. त्या सात-आठ वर्षांत शाळेने त्याला अनेक राजांच्या सनावळ्या शिकविल्या. हा चौकोन शिकविला काय? वाऱ्याकडे तोंड करून फवारले तर विष अंगावर येते, दोन औषधे एकत्र केली तर काय होऊ शकते, घामाने भिजलेल्या कातडीतून ते आत कसे शिरते, हे विज्ञानाच्या तासाला कोणी सांगितले काय? हे शेतकीचे धंदेशिक्षण नव्हे. हे शहरातल्या मुलीलाही आले पाहिजे, कारण तिच्या घरी झुरळे मारण्याची बाटली आहे आणि तिच्या ताटात त्याच शेतातली भाजी आहे.

आता काय करावे

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख करून द्यावी असे सांगितले आहे. चांगले आहे. पण वर्ध्याचा आणि लोकविद्यापीठाचा अनुभव विसरून ते राबविले, तर खेड्यातल्या शाळेत खुरपे आणि शहरातल्या शाळेत संगणक अशी वाटणी व्हावयास वेळ लागणार नाही. ती होऊ नये, हे पाहणे आपल्या हाती आहे.

आपल्या बाजारातला एक साधा हिशेब मी उदाहरणादाखल मांडतो. शेतकरी कापूस विकतो क्विंटलने. रुईचा भाव मात्र आजही खंडीवर बोलला जातो, आणि ती खंडी ३५५.६२ किलोची, म्हणजे जुन्या ७८४ पौंडांची. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते असे धरले, तर दहा क्विंटल कापसाची रुई किती? ३४० किलो, म्हणजे खंडीला थोडी कमी. मग रुईचा भाव अमुक असताना, सरकीची किंमत धरून आणि जिनाची मजुरी वजा करून, कापसाला काय भाव मिळावयास हवा? त्यात ओलावा आठ टक्क्यांऐवजी बारा टक्के निघाला, तर किती कपात न्याय्य? हे गणित सातवीच्या मुलाला येण्यासारखे आहे. त्यात टक्केवारी आहे, प्रमाण आहे, एकक बदलणे आहे, इतिहास आहे आणि थोडा इंग्लंडचा भूगोलही आहे. अकोल्याच्या बाजार समितीच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या किती मुलांना आज ते सुटेल?

या सभेत शाळांचे संचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, व्यापारी आहेत, पालक आहेत. आपणांस माझी विनंती अशी आहे. कापसाच्या हंगामात प्रत्येक शाळेने एक दिवस मुलांना बाजार समितीत आणि जिनात न्यावे. शहरातल्या शाळेनेही न्यावे, आणि मुलींनाही न्यावे. व्यापाऱ्यांनी काटा आणि ओलावा मोजण्याचे यंत्र त्यांच्या हाती द्यावे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या जाणत्यांनी त्यांना बियाण्याचे पाकीट आणि औषधाचा डबा वाचावयास शिकवावे. मोबाईलवरचा पीकविम्याचा किंवा कापूस-नोंदणीचा अर्ज वर्गात भरून पाहावा, आणि त्यात आपण कशाला संमती देतो हे भाषेच्या तासाला वाचावे. याला नवी इमारत लागत नाही. नवा विषयही लागत नाही. गणित, विज्ञान, भूगोल आणि मराठी एवढे चार तास आपल्या शाळांत आजही आहेत.

उद्या कोणते यंत्र येईल हे मला सांगता येणार नाही. १८६० साली खामगावच्या पंतोजीला वाफेचा रेचा येणार हे तरी कोठे ठाऊक होते? येणारे यंत्र आपल्या मुलांना विचारून येणार नाही. ते आले, की त्याचे माप कोणाच्या हाती आहे, ते कोणत्या कारणाने चालते आणि त्यात आपला वाटा किती, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना असावी, आणि ती पापळच्या मुलाला व अमरावतीच्या मुलाला सारखीच असावी. येत्या जूनअखेरीस शाळा उघडतील आणि तोवर पेरण्याही सुरू झालेल्या असतील. त्या आधी आपापल्या शाळेत जाऊन एवढे तरी विचारून या, की आमच्या मुलांना डब्यावरचा तो रंगीत चौकोन कोणत्या इयत्तेत शिकविणार?